मूर्तीची पाठ आणि त्रिपोलीची वडी

मी बफ धुतले. एखाददुसरा नाही, दिरांच्या शेडमधले होते नव्हते तेवढे सगळे बफ मी गरम पाण्यात सोडा घालून भिजवले, मोगरीने बडवले, पिळले आणि मेच्या उन्हात तारेवर वाळत घातले. वर कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे कौतुकाने बघत उभी राहिले.

ज्यांना बफ म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पितळ, स्टील चमकवायला मोटरीवर कापडाचं गोल चाक लावतात. सुती कापडाचे थरावर थर, मधून शिवलेले. तोच बफ. मोटर फिरली की त्याच्यावर मसाल्याची वडी टेकवायची, मसाला कापडात मुरतो, आणि मग त्या फिरत्या कापडावर भांडं धरायचं. महिनोन्महिने मसाला पिऊन बफ काळा, चिकट, कडक होतो. दिसायला असा ओंगळ की माझ्यासारख्या बाईचे हात शिवशिवावेत. आणि माझे शिवशिवले.

माझी नात भिलाईतल्या स्मृति नगरच्या घरात सोफ्यावर मांडी घालून ही गोष्ट ऐकते तेव्हा इथंच मला थांबवते. "आजी, सच में? सब के सब धो दिए?"

"सब के सब."

"किसी ने रोका नहीं?"

"रोकणारा दुर्गले गेला होता नं बाई!"

तर तो रोकणारा, म्हणजे माझे धाकटे दीर. ह्यांचे पाठचे भाऊ. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. सासरे स्टील प्लान्टात लागले तेव्हापासून आम्ही भिलाईचे. हे पण प्लान्टातच, क्रेनवर. दिरांना मात्र प्लान्ट नको होता. ते पॉलिशचं काम शिकले आणि थेट लिबियाला गेले, त्रिपोलीत. मोठमोठ्या हॉटेलांच्या जिन्यांचे कठडे चमकवायला. सुट्टीवर आले की आमच्या घरात दुसरं नावच नसायचं. आमच्या त्रिपोलीत समुद्र असा निळा, आमच्या त्रिपोलीत खजूर असा, आमच्या त्रिपोलीत भाकरी एवढी मोठी. मी बापडी मरोदा टँक आणि शिवनाथ नदीच्या पलीकडे पाणी न पाहिलेली. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, एवढं गोड आहे तर परत कशाला येता?

मग एका वर्षी तिकडे लढाई पेटली आणि दीर खरंच परत आले. एका बॅगेनिशी. आमच्या त्रिपोलीत हे शब्द त्यांच्या तोंडून गेले ते गेलेच. सकाळी चहा घ्यायचे, खुर्चीत बसायचे, संध्याकाळी त्याच खुर्चीतून उठायचे. कितीतरी महिने असे गेल्यावर ह्यांनीच मागे लागून त्यांना हथखोजच्या कारखान्यांच्या भागात एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन दिली. एक मोठी मोटर, एक लहान मोटर, भिंतीला खिळ्यांवर बफ, आणि फळीवर मसाल्याच्या वड्या.

त्या वड्यांमध्ये एक होती गुळाच्या रंगाची, अंगाच्या साबणापेक्षा लांब. पितळेचं मुख्य काम तिच्यावरच. तिचं नाव त्रिपोली.

"हे काय भाऊजी?" मी विचारलं, "गावाहून येताना बांधून आनलं का?"

"नाही वैनी, हे त्याचं नावच हाये. एक मऊ दगड असते, त्याची भुकटी. पयले तिकडूनच जगात जाये म्हनते, म्हनून तेच नाव पडलं." वडी हातात फिरवत ते म्हणाले, "त्या गावानं मले हाकललं, अन् त्याच्याच नावानं पोट भरून राहिलो मी."

माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याने लगेच मोबाइलवर शोधलं. म्हणाला, "काका, तुमचं त्रिपोली काही एकटं नाही. एक लेबनॉनमध्ये आहे, एक ग्रीसमध्ये आहे. त्रिपोली म्हणजे तीन शहरं. तीन गावं जवळजवळ असली की नाव त्रिपोली."

मी म्हणाले, "मंग त्यात काय मोठं? दुर्ग, भिलाई अन् चरोदा! आपुन बी त्रिपोलीतच राहून राहिलो की. भाऊजी, तुमी उगाच विमानात बसले."

दीर हसले. लिबियाहून आल्यावर पहिल्यांदा हसले. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी क्रेनशिवाय लोखंड उचललं. त्या एका हसण्यावर मी शेडमध्ये शिरकाव करून घेतला.

मी तेव्हा पंचेचाळिशीची होते. म्हणजे अक्कल यायला उशीर झाला होता आणि जायला अवकाश होता. मुलगा मोठा झालेला, हे शिफ्टमध्ये, घरात मला काम उरलं नव्हतं. दीर म्हणाले, लहान मोटरीवर लोटे-गडवे करा, पण मोठ्या मोटरीकडे फिरकू नका. आणि मला नियम शिकवला. एमरी हा खरबरीत मसाला, धातूचा खडबडीतपणा काढायचा. त्याचा बफ वेगळा. त्रिपोलीचा बफ वेगळा. शेवटची चमक आणायचा मऊ बफ आणखी वेगळा.

"सवती समजा," ते म्हणाले. "एका घरात राहतीन, पन एका ताटात जेवनार नाहीत. एमरीचा एक कन जरी मऊ बफात गेला, तं चमक गेली अन् ओरखडे आले."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी लहानपणापासून हुशार.

त्या उन्हाळ्यात वैशाख पौर्णिमेच्या आधी प्लान्टच्या वसाहतीत आमचं सेक्टर, तिथल्या विहाराची मूर्ती शेडमध्ये आली. पितळी बुद्धमूर्ती, आतून पोकळ, वर्षाच्या लेकराएवढी, मांडी घालून बसलेली. कुणीतरी मागे तिच्यावर चमक टिकावी म्हणून वार्निश मारलं होतं. ते जागोजागी पिवळं-काळं पडून मूर्तीला कोड फुटल्यासारखं दिसत होतं. मूर्ती घेऊन महिला मंडळाच्या अध्यक्षबाई स्वतः ऑटोत आल्या. वयाने आमच्या आईएवढ्या, जिभेने वस्तऱ्याएवढ्या. मूर्ती पांढऱ्या कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"पौर्णिमेले मिरवणूक हाये," त्या दिरांना म्हणाल्या. "असं चमकव, का मानसाचं तोंड दिसलं पायजे त्याच्यात."

"दिसन नं मावशी."

"नाही दिसलं तं पुढच्या सालापासून रायपूरले देऊ. कमिटीतले लोकं तिकडंच द्या म्हनत होते. मीच म्हनलं, आपलं पोरगं हाये, परदेशातून हात हालवत आलं, त्याले द्या." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "अन् तू इथं काय करून राहिली व? घरी सैपाक कोन करते?"

"सैपाक मीच करतो मावशी. त्याले मोटर लागत नाही."

"जीभ तं चमकलेली हाये तुही," त्या म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

दिरांनी त्याच संध्याकाळी थिनरने वार्निश उतरवलं. खालून निस्तेज, लालसर पितळ निघालं. मूर्ती घडवणाऱ्याचा हात मोठा होता. बोटांची नखं दिसत होती. आणि पाठीवर चिवराच्या घड्या इतक्या बारीक की वाटावं, आत्ता वाऱ्याने हलतील. दीर त्या घड्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "वैनी, ही मूर्ती झाली तं आपल्या शेडचं नाव झालं. पूर्ण भिलाईतले विहार आपल्याकडे येतीन. अन् बिघडली तं शटर खाली. मंग मी हाये अन् ते खुर्ची हाये."

ती खुर्ची म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दुर्गच्या पद्मनाभपुरात एका बंगल्याचा कठडा बसवायला जायचं होतं. जाताना बजावून गेले, "मूर्तीले हात लावू नोका. मी आल्यावर पाहू."

मी मूर्तीला हात लावला नाही. सुरुवातीला नाही. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. मग भिंतीवरच्या बफांकडे पाहिलं. काळे, तेलकट, मेणचट. आठवलं की मागच्याच आठवड्यात त्या बफांवर एका दारूच्या बारच्या कठड्याचे पाइप घासले होते. आणि आता हेच बफ भगवंताच्या अंगाला लागणार? छे बाप्पा!

इथे मी माझ्या त्या पंचेचाळिशीच्या बाईचा कान पिळते. अगं भैताडे, तू कोण? तुझ्या आजीला विहिरीवर बादली टाकू दिली नाही, कारण काय, तर पाणी बाटते. तुझ्या घरातल्या तीन पिढ्यांनी त्या विटाळाच्या नावाने खडे फोडले. तूच मंडळात उभी राहून भाषण ठोकलंस की विटाळ नावाची गोष्ट जगात नाही. आणि घरी कुणी नसताना तो विटाळ तुला सापडला कुठे, तर बफात! दारूच्या पाइपाला लागलेला बफ बुद्धाला चालणार नाही हे तुला कुणी सांगितलं? बुद्धाने तर नाही सांगितलं.

पण तेव्हा ही अक्कल नव्हती. शेडच्या मागे नळ होता. चुलीवर पाण्याचं भगुनं चढवलं, सोडा टाकला आणि तिन्ही सवतींना एकाच टबात बसवलं. एमरीचा, त्रिपोलीचा, मऊ फिनिशिंगचा, सगळ्यांना एकत्र. टबातलं पाणी डांबरासारखं झालं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढा मळ! हे पुरुष लोक कसे राहतात! मोगरी घेऊन बडवले. भिलाईच्या मेमध्ये कपडा वाळायला वेळ लागत नाही. जेवण करून येईपर्यंत बफ तारेवर पापडासारखे वाळून वाकडे झाले होते.

इथवर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी विचार केला, भाऊजी थकून येतील, त्यांना जरा आश्चर्याचा धक्का देऊ. धक्का बसला, त्याबद्दल वाद नाही.

मूर्तीची पाठ तर मागची बाजू, कोण बघतं, तिथून सुरुवात करू. पदर खोचला, केस बांधले, धुतलेला एक गोरा गोरा बफ मोठ्या मोटरीवर चढवला, त्रिपोलीची वडी टेकवली आणि मूर्तीची पाठ पुढे केली. बफ थडथड नाचायला लागला. त्यातून दोरे उडाले. माझ्या हातातल्या मूर्तीला दणके बसत होते. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. मी आणखी जोर लावला.

मोटर बंद करून पाहिलं तर पाठीवर उजव्या खांद्यापासून खाली मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे. एमरीच्या कणांनी केलेले. टबात सोड्याच्या पाण्याने ते कण घराघरात वाटले होते. मी पदराने पुसलं. पदराने ओरखडे जात नसतात. मी पुन्हा पुसलं.

दीर आले ते मागच्या बाजूने. आधी त्यांना तार दिसली.

"वैनी, हे काय?"

"धुतले."

"कावून?"

"मळले होते नं."

ते तारेखाली उभे राहिले. एक बफ हातात घेतला, वाकवला, कानाशी नेऊन खरखर ऐकली. "तो मळ नोहे वैनी," ते हळूच म्हणाले. "तोच तं माल होता. वर्षभर पाजला मी याले."

"भाऊजी, आनखी एक गोठ हाये."

मग त्यांनी मूर्ती पाहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिले. घरातल्या त्या खुर्चीत बसायचे अगदी तसे. मी शेड बुडवली होतीच, वर माणसालाही परत खुर्चीत बसवलं होतं.

"नवे बफ आनू नं," मी म्हणाले. "रायपूरले भेटतीन."

"भेटतीन. पन नवा बफ कडक राह्यते. अन् एवढे खोल ओरखडे मोटरीनं काढाचे म्हनलं, तं चिवराच्या घड्या घासून जातीन. पाठ पाटीसारखी सपाट होईन. मोटर आता या पाठीले लावताच येत नाही."

"मंग हातानं."

"हातानं?" ते हसले, पण ते त्या दिवशीचं हसू नव्हतं. "पौर्णिमा कधी हाये मालूम हाये नं?"

"मले पौर्णिमा मालूम हाये. मले हात बी हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्षबाई तपासणीला आल्या. दीर मूर्तीची पाठ भिंतीकडे करून तिच्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलणार. ते मला सोसलं नाही. मीच मूर्ती वळवली.

"मावशी, हे मी केलं. यायचा दोष नाही. मी बफ धुतले अन् मोटर बी मीच लावली."

"धुतले? कशापाई?"

आता कारण सांगणं आलं. मी खाली मान घालून सांगितलं. बारचे पाइप, बुद्धाचं अंग, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हंजे तू सोवळं केलं," त्या म्हणाल्या. "आपल्या विहाराच्या मूर्तीले. वा व बाई! आमची जिंदगी गेली ते सोवळं मोडता मोडता, अन् तू सोडा टाकून उकळलं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाई तिथंच चपला काढून खाली बसल्या. "आता मले सांग, कसं निंगते हे? कपडा कोनता लागते?"

दीर म्हणाले, "मऊ सुती. जुना. शंभरदा धुतलेला."

बाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "धुतलेला! मंग भेटला म्हना कपडा."

दुपार व्हायच्या आत मंडळाच्या बायका जुन्या पांढऱ्या साड्या घेऊन हजर. आमच्यात पौर्णिमेला बायका पांढरं नेसतात. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन त्या साड्या सायीसारख्या झालेल्या. आम्ही त्यांचे तुकडे फाडले. मी त्रिपोलीची वडी कुणीतरी घरून आणलेल्या किसणीवर किसली. तो कीस गोडेतेलात कोमट करून गुळाच्या पाकासारखा केला. किसणी नंतर कुणाच्या घरी गेली ते मी विचारलं नाही.

पहिल्यांदा मी भांडं घासायच्या सवयीने गोल गोल घासलं. दिरांनी हात धरला. "गोल नाही. एका दिशेनं. घडीच्या संगं संगं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काम मला येतं. फक्त भांड्याचं म्हणून नाही. लेकराला तेल लावायचं म्हणून येतं. खांद्यापासून खाली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हलक्या हाताने, अंगाच्या वळणाने. मी मुलाला असं चोळलं होतं, नणंदेच्या मुलींना चोळलं होतं. मी मूर्ती मांडीवर पालथी घेतली आणि तेल लावायला बसले. बाई म्हणाल्या, "आता कशी माय वाटून राहिली." पहिल्यांदाच टोमण्याशिवाय बोलल्या, आणि लगेच चूक सुधारली, "कालपर्यंत सावत्र होती."

मग काय विचारता. हथखोजच्या त्या भट्टीसारख्या शेडमध्ये कूलरसमोर आम्ही बायका पाळीपाळीने बसलो. सकाळी ऊन चढायच्या आत, मग ऊन उतरल्यावर. एक घासायची, एक तांदळाच्या पिठाने तेल टिपायची, बाकीच्या गाणी म्हणायच्या आणि एकमेकींच्या सासवा काढायच्या. शेजारच्या कारखान्यांतले लोक चहाच्या निमित्ताने डोकावून जायचे. दीर रायपूरहून नवे बफ घेऊन आले. मूर्तीची पुढची बाजू, मांड्या, पद्मासनाची बैठक त्यांनी मोटरीवर केली. पाठ मात्र माझी होती. पाठीला मी दुसऱ्या कुणाला फार वेळ हात लावू दिला नाही.

ओरखडे जाता जात नव्हते. उथळ होते ते गेले. खोल होते ते उलटे आणखी स्पष्ट दिसायला लागले, कारण आजूबाजूचं पितळ उजळलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एक उरला. उजव्या खांद्याखाली, बोटभर. दीर म्हणाले, "राहू द्या वैनी. तिथं हार येते. कोनाले दिसनार नाही."

"मले दिसन," मी म्हणाले.

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले आणि नंतर अंगठा सुजेपर्यंत पस्तावले. पण सोडलं नाही. ह्यांची शिफ्ट सुटली तसे हे पण शेडवर आले, डबा घेऊन. क्रेनवरचा माणूस, वरून बघायची सवय. स्टूल ओढून बसले आणि घास भरवल्यासारखी एकेक तुकडा भाकरी माझ्या तोंडात द्यायला लागले, कारण माझे दोन्ही हात त्रिपोलीने माखलेले होते. मंडळाच्या बायकांनी जे काही चिडवलं ते इथे लिहिता येत नाही.

उन्हं कलली तेव्हा मी पीठ टिपलं, कापडाने शेवटचा हात फिरवला आणि मूर्ती दाराच्या उजेडाकडे वळवली. ओरखडा शोधला. सापडला नाही. पुन्हा शोधला. घड्यांच्या मधल्या त्या गुळगुळीत पट्टीत कुणीतरी दिसत होतं. एक बाई, केस विस्कटलेले, नाकावर तपकिरी डाग. मी नाक पुसलं, तिनेही पुसलं.

"भाऊजी," मी ओरडले, "तोंड दिसते! माह्यं तोंड दिसते!"

दीर धावत आले. वाकून पाहिलं. आम्हा दोघांची तोंडं त्या पाठीत शेजारी शेजारी. मग अध्यक्षबाईंनी आपलं तोंड घुसवलं, चष्म्यासकट, आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर म्हणाल्या, "म्हातारी झाली व मी," आणि पदराने चष्मा पुसला. मला ठाऊक आहे, चष्म्याला काही झालं नव्हतं.

पौर्णिमेच्या मिरवणुकीत मूर्ती फुलांच्या गाडीवर होती. मे महिन्याचं ऊन तिच्यावर पडलं की समोरची माणसं डोळे बारीक करायची. पांढऱ्या साड्यांची रांग, निळे झेंडे, पंचशील ध्वज, ताशा. सगळा सेक्टर मूर्तीचा चेहरा बघायला पुढे चालला होता. मी एकटी गाडीच्या मागे. मी पाठ बघत होते. ऊन त्या चिवराच्या घड्यांवरून पाण्यासारखं ओघळत होतं. एकेक घडी जागच्या जागी. मला तर वाटत होतं की ताशा माझ्यासाठीच वाजतोय. वाटू द्या. एवढं वाटून घ्यायचा हक्क मी अंगठ्याने कमावला होता.

दुसऱ्या सेक्टरच्या विहाराचे दोन जण गाडीजवळ येऊन दिरांना विचारत होते, "रायपूरले केलं का?" दीर म्हणाले, "नाही साहेब. इथंच. त्रिपोलीत." ते बिचारे एकमेकांकडे बघत राहिले. मी मागून पाहिलं, दिरांचे खांदे हसण्याने हलत होते.

आज शेडला शेजारची शेड जोडलेली आहे. मोटरी वाढल्या. विहारांच्या मूर्ती येतात, देवळांच्या घंटा येतात, लग्नातले हंडे येतात, आणि हो, बारचे कठडेही येतात. सगळे एकाच दारातून. मोटरीवर बायका उभ्या असतात, पदर खोचून, केस बांधून, आणि नवी आलेली बाई बफाकडे नाक मुरडून बघायला लागली की जुन्या बायका मला हाक मारतात. मग मी माझी गोष्ट सांगते. मूर्तीची पाठ दरवर्षी अजून मीच करते, मोटरीशिवाय. दीर आता गुडघ्यांमुळे बसून काम बघतात. पण ती घरातली खुर्ची आम्ही कधीच भंगारात दिली.

हे सगळं सुरू झालं ते त्या मिरवणुकीच्या संध्याकाळी. विहाराच्या अंगणात खीर वाटत होते. मी पायरीवर बसले होते, सुजलेला अंगठा थंड पाण्याच्या ग्लासात बुडवून. दीर दोन वाट्या खीर घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवली, एक स्वतः घेऊन खालच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. इतके दिवस काम होतं म्हणून राखून ठेवली असतील. त्यांनी खीर संपवली, वाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहून खरोखरच हात जोडले आणि म्हणाले,

"वैनी, उद्यापासून मोठी मोटर तुमची. पदर खोचून या, केस बांधून या, उशीर झाला तं चालन. पन एवढा उपकार करा माह्यावर, शेडमधलं काहीच धुऊ नोका."